आधी डावा कान

मधल्या सुट्टीत दुसरीच्या बाईंनी ते वाक्य मोठ्याने वाचलं तेव्हा तिच्या, पहिलीच्या बाईंच्या, हातात लाल पेन्सिल होती आणि समोर तिच्या वर्गातल्या मुलांच्या वह्यांचा ढीग. दुसरीच्या बाई वयाने बऱ्याच लहान, अजून एकट्या. सुट्टीच्या दिवशी कुणा ना कुणाला भेटायला जायच्या आणि शाळा उघडली की शिक्षकांच्या खोलीत त्याचा निकाल लावायच्या. निकाल बहुतेक वेळा नापास. हल्ली त्यांच्या पिशवीत एक कादंबरी असायची. विशीतल्या एका मुलीच्या डेटवर लिहिलेली, हलकीफुलकी, गुलाबी पाठीची. सगळे वाचतायत म्हणून त्याही वाचत होत्या, आणि आवडलेलं वाक्य चारचौघांना ऐकवल्याशिवाय त्यांना घास उतरत नव्हता. "ऐका हो ताई," त्या म्हणाल्या, "'त्याने न विचारता तिच्या नाकावरचा चष्मा काढला, नळाखाली धरला, साबणाचा एक थेंब दोन्ही काचांवर बोटाने फिरवला, मऊ फडक्याने टिपला आणि परत घातला. आधी डावा कान, मग उजवा.' असा माणूस मिळाला ना, तर मी उद्या नोकरी सोडीन." कुणीतरी म्हणालं, सोडा, पण तो जेवायला काय साबण वाढणार का. सगळे हसले, तीही हसली. मग तिने खाली पाहिलं तर एका मुलीच्या वहीत, अगदी नीट वळणदार काढलेल्या अक्षरावर, तिच्या हातून लाल फुली पडली होती. तिने खोडरबर घेऊन ती घासली. लाल पेन्सिल पुसली जात नाही, फक्त पसरते, हे ती गेली वीस वर्षं मुलांना सांगत आली होती.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या विहिरींत उतरायचं, दोर तपासायचे, वंगण द्यायचं, आणि घरी येऊन कोपरापर्यंत हात धुवायचे. त्याच्या अंगाला वंगणाचा नव्हे, साबणाचाच वास यायचा. सकाळी निघण्याआधी बेसिनपाशी तो स्वतःचं तोंड धुवायचा आणि मग मागे न बघता ओला तळहात पुढे करायचा. "दे," म्हणायचा. ती चष्मा काढून त्या तळहातावर ठेवायची. काचांवर आदल्या दिवसाचा खडू बसलेला असायचा. मग साबणाचा एक थेंब, बोट, फडकं; आणि ती धूसर जगात डोळे मिटून उभी असताना काड्या तिच्या कानांवर यायच्या. आधी डावी. ती डावी काडी तो कानावर सरळ टेकवत नसे. बोटभर वर उचलून क्षणभर तशीच धरायचा, जणू खाली काहीतरी झोपलंय आणि ते जागं होता कामा नये, आणि मगच हळूच सोडायचा. उजवी काडी मात्र सरळ जायची. घरात दोघंच. बोलणं कामापुरतं, रविवारी तर तेही नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याने कधी फूल आणलं नाही की वाढदिवस लक्षात ठेवला नाही, आणि तिने कधी तक्रार केली नाही, कारण तो डावीकडचा क्षण तिच्याकडे होता. त्या क्षणाबद्दल तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, त्यालासुद्धा. बोलून दाखवलं तर तो लाजेल आणि काडी सरळ टेकवायला लागेल, अशी तिला भीती होती. आणि तोच क्षण आता दुसरीच्या बाईंच्या डब्याशेजारी उघडा पडला होता, आणि त्यावर साबणाचा विनोद झाला होता.

मुखपृष्ठावरचं लेखिकेचं नाव तिला माहीत होतं. लग्न ठरायच्या आधी एका बाकावर बसून नवऱ्याने सांगितलं होतं, विशीत एकीबरोबर फिरायचो, दोनतीन वर्षं, जमलं नाही. तिने नाव विचारलं, त्याने सांगितलं, आणि पुढे तिने काही विचारलं नाही. न विचारल्याचा तिला तेव्हा अभिमान वाटला होता. आपण मोठ्या मनाच्या आहोत असं स्वतःला दाखवायची संधी माणसाला फार वेळा मिळत नाही. पण ते नाव दाताच्या फटीत अडकलेल्या तंतूसारखं तिथेच राहिलं होतं. जीभ लागली की कळायचं. पुस्तक मागून घेतलं असतं तर दुसरीच्या बाईंनी आनंदाने दिलं असतं. तिने मागितलं नाही. शाळा सुटल्यावर बसच्या थांब्यावर उभी राहून तिने फोन काढला आणि त्या पुस्तकाखाली वाचकांनी काय काय लिहिलंय ते वाचायला लागली. पुस्तक वाचणं म्हणजे त्या बाईच्या घरात पाऊल टाकणं; हे म्हणजे नुसतं फाटकाबाहेर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्यांचं ऐकणं. तेवढं चालतं, असं तिने ठरवलं.

येणारेजाणारे पुष्कळ होते. एकीने लिहिलं होतं, एका बैठकीत संपलं, चहा गार झाला, पण वाईट वाटलं नाही. एकाने लिहिलं होतं की नायिका फार रडते, विशीत आम्हीही रडलो पण पानं भरून नाही. कुणाला भाषा आवडली होती, कुणाला मांजर. पण बहुतेकांना आवडला होता तो. पुस्तकात त्याचं नाव काय होतं कोण जाणे, वाचकांनी त्याला चष्मेपुशा करून टाकलं होतं. चष्मेपुशा कुठल्या दुकानात मिळतो, पत्ता कळवा. मी एवढ्या डेटना गेले, माझा चष्मा कुणी पुसला नाही, एकजण त्यावर बसला मात्र. असे पुरुष नसतात, लेखिकेने घरी बनवलाय. त्याला सोडून जाते हे मला पटलंच नाही, लेखिकेला मी माफ करणार नाही. तिची बस आली आणि गेली. शेकडो अनोळखी बायका तिच्या नवऱ्याच्या ओल्या हाताबद्दल बोलत होत्या, लग्नघरी नवरदेवाबद्दल बोलतात तशा, खुसुखुसु, हक्काने. आणि त्यांचा तो चोवीस-पंचवीस वर्षांचा होता. केस दाट असलेला, जिने चढताना शीळ घालणारा (हे एकीने लिहिलं होतं, शीळ घालत जिने चढणारा पुरुष मला मारून टाकतो). तिला मिळालेला जिने चढताना गुडघ्यावर हात ठेवायचा. तिने त्याची शीळ कधी ऐकली नव्हती.

मग खाली एक लांबलचक मत होतं. लिहिणारी म्हणत होती, मीही डाव्या कानात ऐकायचं यंत्र लावते, पुस्तकातल्या नायिकेसारखं आणि लेखिकेसारखं. चष्म्याची काडी त्या यंत्रावर कशी बसवायची हे न लावणाऱ्याला कळत नाही. काडी आधी थोडी वर उचलून धरायची, यंत्र दबणार नाही, कर्कश शीळ येणार नाही अशी, आणि मग सोडायची. म्हणून आधी डावा कान. हे एखाद्या मुलाने आपणहून शिकावं, याहून मोठं प्रेम मी वाचलेलं नाही. खाली कितीतरी बदाम होते. तिने तिथेच, थांब्यावर, गर्दीत, आपल्या डाव्या कानावर हात ठेवला. कानामागे काही नव्हतं. थोडे केस, खडूची पूड, चष्म्याने पाडलेली खोलगट खूण. इतकी वर्षं रोज सकाळी तिचा नवरा त्या रिकाम्या जागेवर, तिथे नसलेल्या यंत्राला धक्का लागू नये म्हणून, काडी बोटभर वर धरत होता. त्याला स्वतःलाही ते माहीत नसणार. हात शिकतो ते डोक्याला विचारून नाही. वळण एकदा बसलं की पन्नाशीतही माणूस त्याच तऱ्हेने आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढतो. हे तिला चांगलंच माहीत होतं, तिचा धंदाच तो. मुलाचा हात हातात धरून गिरवून घ्यायचं. कुणीतरी तिच्या नवऱ्याचा हात धरून गिरवून घेतलं होतं, आणि ती इतकी वर्षं त्या अक्षराला आपलं नाव समजून वाचत होती.

मत्सर तिला नवा नव्हता, पण आतापर्यंतचा मत्सर बारीक होता, पाळीव. दरवर्षी ती मुलांना अक्षरं लावायला शिकवायची. तोंडातून पहिला शब्द फुटताना मूल कसं दचकतं, आपलाच आवाज ऐकून कसं मागे वळून बघतं, ते तिच्यासमोर व्हायचं. पुढच्या वर्षी ती मुलं दुसरीच्या बाईंकडे जायची, आणि आईबाप येऊन दुसरीच्या बाईंना म्हणायचे, काय छान वाचतो हो आता, सगळी तुमची मेहनत. दुसरीच्या बाई लाजून हसायच्या आणि नाही म्हणायच्या नाहीत. तिच्या पोटात दुखायचं, पण डबा संपेपर्यंतच. आता मात्र ती स्वतः दुसरीच्या बाईंच्या जागी उभी होती. तयार झालेला मुलगा आयता तिच्या वर्गात आला होता, आणि इतकी वर्षं ती मनातल्या मनात लाजून हसत होती. त्यांची भेट तिच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये झाली होती. लिफ्ट अडकली, ती आत एकटी, आणि दार उघडलं तेव्हा समोर वंगणाने काळ्या झालेल्या हातांचा माणूस. घाबरलात का, हे विचारायचं सोडून त्याने तिच्या चष्म्याकडे पाहिलं, नळावर हात धुऊन आला, आणि तळहात पुढे करून म्हणाला, "द्या जरा इकडे. काही दिसत नसेल तुम्हाला." आमची सुरुवात अशी झाली, हे ती बहिणींना, भावजयांना कितीदा सांगून बसली होती. सुरुवात कसली? धडा मागेच झाला होता, तिच्याकडे फक्त उजळणी.

संध्याकाळी तो भाजी चिरत असताना तिने सहज म्हटल्यासारखं म्हटलं की एक पुस्तक फार गाजतंय म्हणे. तो ओळखून होता. सुरी बाजूला ठेवून त्याने चिरलेली भाजी ताटात ढकलली. कामावरच्या एका पोराने सांगितलं म्हणाला. वाचणार का, तिने विचारलं. "नाही," तो म्हणाला. "मला माहीत आहे शेवटी काय होतं ते." आणि परत चिरायला लागला. त्याच्या आवाजात दुःख होतं का, हे शोधण्यासाठी तिने ते वाक्य नंतर इतक्या वेळा मनात उलटसुलट केलं की त्यातला मूळचा आवाजच झिजून गेला. रोज सकाळी ती चष्मा द्यायची. डावी काडी वर थबकली की तिचं अंग आकसायचं. पूर्वी त्या क्षणी ती डोळे मिटायची. आता उघडे ठेवायची, आणि त्या धूसरपणात आपल्या डाव्या कानाशी उभी असलेली एक मुलगी तिला दिसायची. पंचविशीची, कानात यंत्र असलेली, हसरी. रोज ती आधी यायची आणि हिला रांगेत मागे उभं राहावं लागायचं.

वाचकांचं बोलणं तिने सोडलं नाही. खपली काढायला जातं तसं बोट तिकडेच जायचं. एके दिवशी कुणीतरी विचारलं होतं, आता तो चष्मेपुशा कुठे असेल? खाली लेखिकेने स्वतः उत्तर दिलं होतं: असेल कुठेतरी, कुणाचातरी चष्मा पुसत असेल. त्यावर एकाने लिहिलं होतं, आणि त्या बाईला त्याची काडीची किंमत नसेल. पुष्कळांनी हसून दाखवलं होतं. मुलं पाढे म्हणत होती, ती टेबलापाशी बसली होती, आणि तिच्या कानशिलांना चटका बसला. तिने ठरवलं, आपणही मत द्यायचं. झणझणीत द्यायचं. नाव न देता. पण वीस वर्षांची सवय. मुलाची चूक दाखवायच्या आधी त्याचं काहीतरी चांगलं सांगायचं, नाहीतर मूल मिटतं, हे तिच्या बोटांतच मुरलेलं. तिने सुरुवात केली ती अशी: पुस्तकाचं मुखपृष्ठ स्वच्छ आहे. अक्षर मोठं असल्याने डोळ्यांना त्रास होत नाही. मग तिने लिहिलं की चष्मे पुसणारा माणूस एवढाच नसतो. तो ओला टॉवेल पलंगावर टाकतो. सुट्टीच्या दिवशी दिवसभर बोलत नाही. झोपेत आकडे मोजतो. हे ज्याला माहीत नाही त्याने माणूस ओळखला असं म्हणू नये. पुढील लेखनास शुभेच्छा. शेवटी चांदण्या द्यायच्या होत्या. एकच द्यायची असं पक्कं होतं. पण वहीत एक चांदणी मिळालेल्या मुलाचा चेहरा तिला दिसला, आणि बोटाने तीन दिल्या.

दुपारपर्यंत खाली उत्तरांची रांग लागली. ताई, टॉवेल सहाव्या प्रकरणात आहे. काकू, पुस्तक न वाचताच पेपर लिहिलात वाटतं. रविवारचं न बोलणं तर अख्खं प्रकरण आहे हो, माझं सगळ्यात आवडतं. कुणी म्हणालं, मुखपृष्ठाला तीन चांदण्या, वा. लेखिकेने फक्त एक ओळ लिहिली होती: आकडे मात्र माझ्या वेळी मोजत नव्हता. ती ओळ तिने वर्गाबाहेरच्या खिडकीपाशी उभी राहून वाचली. ओळखलं होतं. त्या बाईने हजार जणांतून तिला ओळखलं होतं, आणि हसली नव्हती, आकडे तेवढे तिच्यासाठी सोडून दिले होते. हे औदार्य तर त्या सगळ्या विनोदांहून जास्त झोंबलं. तिला वाटलं होतं, चांगलं सगळं त्या बाईने नेलं असेल, पण वाईट तरी आपलं आहे. संसार म्हणजे तेच ना, दुसऱ्या कुणाला न दिसलेलं वाईट. तर तेही आधीच वापरून झालेलं. ओला टॉवेलसुद्धा.

न वाचता उत्तर लिहिणाऱ्या मुलाला ती धड्याच्या पहिल्या ओळीवर परत पाठवायची. तिने दुसरीच्या बाईंकडून पुस्तक मागून घेतलं. त्या म्हणाल्या, अहो ताई, तुम्हीसुद्धा? रडाल हं. मुलांना फळ्यावरचं उतरवायला देऊन ती टेबलाच्या खणात पुस्तक धरून वाचू लागली, तिच्या वर्गात चित्रांची पुस्तकं धरून वाचणाऱ्या मुलांसारखी. पुस्तक वाईट नव्हतं. तिला वाईट असायला हवं होतं. शीळ होती, जिने होते, टॉवेल होता, न बोलता एकमेकांशेजारी बसलेले दोघं होते, आणि प्रत्येक पानावर तिला हातातली पेन्सिल घट्ट धरावीशी वाटली. मग शेवटाकडे, वाचकांपैकी कुणीच ज्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, ते आलं. मुलगी त्याला म्हणते: "मला विचारत जा ना. तू चष्मा काढतोस तेव्हा मला तुझे ओठ दिसत नाहीत. यंत्र असलं तरी मी निम्मं ओठांवरून ऐकते. तू पुसत असतोस तेवढा वेळ मी कुठेच नसते." तो हसतो. म्हणतो, एवढंसं तर काम, एका मिनिटाचं. आणि दुसऱ्या दिवशी परत, न विचारता, प्रेमाने. पुष्कळदा. एका सकाळी ती चष्मा परत घालू देत नाही, स्वतः घेते, आणि जाते.

तिने पुस्तक मिटलं. शिक्षकांच्या खोलीत ते वाक्य ऐकलं तेव्हा तिने डावा कान ऐकला होता, साबण ऐकला होता. न विचारता हे दोन शब्द गाळले होते. मुलं वाचताना गाळतात तसे, डोळ्यांसमोर असून. त्या दोन शब्दांवरच तर दुसरीच्या बाई नोकरी सोडायला निघाल्या होत्या. तिच्या नवऱ्याने तिचा चष्मा कधीही स्वतः काढला नव्हता. लिफ्टच्या दारातही नाही. ओला तळहात, आणि दे. ती देईपर्यंत तो हात तसाच राहायचा, कितीही वेळ. एकदा ती दूध उतू जातंय म्हणून धावली होती आणि परत आली तेव्हाही तो तसाच उभा होता, पाणी ठिबकत. हे तिचं होतं. त्या बाईला मिळालं नव्हतं. तिला हायसं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही, पण लगेच त्याच्याखालून दुसरं काहीतरी वर आलं. चुकला तो त्या मुलीसमोर होता. चुकून चुकून, तिला गमावून, शिकला होता. आणि बरोबर उत्तर घेऊन इकडे आला होता. पहिलीला इतकी वर्षं शिकवणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको की मूल बरोबर लिहायला लागलं की ते सगळ्यांचं होतं. चुकत असतं तोवरच ते तुमचं. उलटी काढलेली अक्षरं, फाटेपर्यंत खोडलेले कागद, "बाई, परत चुकलं" म्हणताना वर केलेला चेहरा. तिला त्या चुकांचा मत्सर वाटला. त्या मुलीला सोडून जावं लागलं एवढ्या मोठ्या चुकीचा मत्सर वाटला. "बाई, झालं," पुढच्या बाकावरून आवाज आला. तिने पाहिलं. तीच मुलगी होती, जिच्या नीट काढलेल्या अक्षरावर तिने फुली मारली होती. तिने ते अक्षर पुन्हा काढलं होतं, आणि या वेळी, बाईंनी चूक म्हटलं म्हणून, जरा वाकडं.

सकाळी बेसिनपाशी तो तोंड धुऊन झाला, आणि मागे न बघता हात पुढे आला. "दे," तो म्हणाला.

"आज तूच काढ," ती म्हणाली.

हात तिथेच राहिला. कोपरावरून पाणी ओघळून फरशीवर पडत होतं. तो वळला, आणि ज्या माणसाला तिने लिफ्टच्या विहिरीत एका दोरावर लोंबकळताना पाहिलं होतं त्याच्या चेहऱ्यावर भीती होती. फार जुनी, कुठेतरी घडी घालून ठेवलेली. "नको," तो म्हणाला. "तू दे." तिला वाटलं, आपण हट्ट करू शकतो. एकदा, फक्त एकदा, आपल्यालाही न विचारता. पण तो चेहरा मिटत चाललेल्या मुलाचा होता आणि तो तिला ओळखता येत होता. तिने चष्मा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. जग विरघळलं. नळाचा आवाज, फडक्याचा आवाज, साबणाचा वास जवळ आला, आणि डाव्या कानावर काडी नेहमीसारखी बोटभर वर येऊन थबकली.

"उजवा आधी," ती म्हणाली.

"काय?"

"उजवा कान आधी. डाव्या कानाला माझ्या काही नाही रे."

नळ पुरता बंद झाला नव्हता. ठिबकत होता. त्याचा चेहरा तिला दिसत नव्हता, फक्त एक मोठा, स्तब्ध, मातकट डाग. त्या डागात काय काय येऊन गेलं ते तिला कधीच कळणार नव्हतं. मग हात हलला. अंधारात नुसत्या बोटांनी खिळे शोधणारा तो हात उजवीकडे आला आणि गडबडला. काडी कानाऐवजी केसांत शिरली, चौकट गालाला टोचली, दुसरी काडी सावरताना काच पापणीवर आपटली आणि चष्मा पडू नये म्हणून त्याने ओला अंगठा थेट काचेवरच दाबला. चष्मा नाकावर तिरका बसला. हे कुठल्याच प्रकरणात नव्हतं.

"चुकलं," तो म्हणाला. लहान आवाजात, चेहरा किंचित वर करून. तिला आता एका काचेतून तो स्वच्छ दिसत होता आणि दुसरीतून अंगठ्याच्या बारीक गोल गोल रेषांमागून. "थांब, दे. परत पुसतो."

"राहू दे," ती म्हणाली, पिशवी उचलली, आणि तो अंगठा तसाच काचेवर घेऊन शाळेत गेली.